रात्रीची डाक आणि दिवसाचे प्रवासी

वैनगंगा आणि बाघ या दोन नद्यांनी जेथे मध्यप्रदेश आणि महाराष्ट्र यांची हद्द आखली आहे, तेथून थोड्या अंतरावर, गोंदियाजवळच्या बिरसी या खेड्याला लागून, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकारने एक धावपट्टी बांधली. युद्ध संपले, सरकार गेले, आणि ती धावपट्टी पुढे कित्येक वर्षे जवळजवळ विस्मृतीत पडून राहिली; परंतु या शतकाच्या पहिल्या दशकात भारतीय विमानपत्तन प्राधिकरण आणि कॅनडातील सीएई ही कंपनी यांनी मिळून तेथे राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था स्थापन केल्यापासून, किरनापूर, लांजी, वारासिवनी या आमच्या बालाघाटच्या टापूतील आकाशाला लहान विमानांच्या घरघरीची सवय झाली आहे. धानाच्या बांध्यांत रोवणी करणाऱ्या बायका आता मान वर करून पाहतही नाहीत. या शिक्षणाची किंमत मात्र याच भूमीने पाहिली आहे. एप्रिल २०१७ मध्ये बिरसीहून उडालेले एक प्रशिक्षण विमान वैनगंगेच्या पात्रात कोसळले, आणि मार्च २०२३ मध्ये दुसरे किरनापूर भागातील डोंगराळ जंगलात; दोन्ही वेळा प्रशिक्षक आणि प्रशिक्षणार्थी असे दोन-दोन जीव गेले. ज्या व्यवसायात प्रवेश करण्यासाठी तरुण माणसे एवढे मोल द्यावयास सिद्ध होतात, त्या व्यवसायाच्या आतील वाटा कशा आहेत, हे सामान्य वाचकाने जाणून घेणे अप्रस्तुत ठरू नये.

त्या वाटांपैकी सर्वांत मोठा फाटा असा, की परवाना हाती पडल्यावर माणसांची ने-आण करणाऱ्या कंपनीत रुजू व्हावे, की मालाची? बाहेरच्या माणसाला हा प्रश्न पडतच नाही. त्याच्या मनातील वैमानिक म्हणजे सोनेरी पट्ट्यांचा गणवेश घालून, विमानतळाच्या झगमगाटातून, मागे चाके असलेली बॅग ओढीत जाणारा कप्तान. आणि मध्यरात्रीनंतर, मालधक्क्याच्या बाजूच्या फाटकाने आत शिरून, खोकी आणि पेटारे भरलेले विमान चेन्नईहून दिल्लीला नेणारा जो दुसरा कप्तान असतो, त्याची दखल समाज घेत नाही. लग्नाच्या बैठकीत मुलगा वैमानिक आहे असे सांगितल्यावर कोणत्या कंपनीत, असा पुढचा प्रश्न येतो, आणि उत्तरात कुरिअरचे नाव निघाले की विचारणाऱ्याचा चेहरा किंचित उतरतो. हा चेहरा उतरणे अज्ञानातून येते, असे माझे मत आहे. कारण भारतातील नागरी विमानविद्येचा जन्मच मुळी माल वाहण्यातून झाला आहे.

१८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादच्या प्रदर्शनाच्या मैदानातून सुमारे साडेसहा हजार पत्रे घेऊन यमुनेपलीकडे नैनीपर्यंत जे उड्डाण केले, ते जगातील पहिले अधिकृत हवाई टपालाचे उड्डाण मानले जाते. पुढे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूपर्यंत आपले पस मॉथ विमान आणले, आणि तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी बेल्लारीमार्गे मद्रास गाठले, तेव्हा त्या विमानात प्रवासी कोणी नव्हता. होत्या त्या डाकेच्या थैल्या. ज्या संस्थेतून पुढे एअर इंडिया उभी राहिली, तिचे पहिले उतारू कागदाचे होते.

परंतु आमच्या प्रांताच्या दृष्टीने याहून महत्त्वाची घटना १९४९ सालची आहे, आणि ती बालाघाटच्या माणसाला विशेष ठाऊक असावयास हवी, कारण त्या काळी आमचा जिल्हा ज्या मध्यप्रांत-वऱ्हाडाचा भाग होता, त्याच्या राजधानीत, म्हणजे नागपुरात, ती घडली. ३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीच्या हवाई डाकेची सेवा सुरू झाली. योजना अशी, की मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान निघावे, चौघांनी मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र यावे, प्रत्येकाने इतर तिघांच्या थैल्या आपल्या पोटात घ्याव्यात, आणि उजाडण्याच्या आत जो तो आपापल्या शहरी परत पोहोचावा. देशाचा नकाशा समोर ठेवून पाहिले तर नागपूरखेरीज दुसरे कोणतेही ठिकाण या कामाला इतके योग्य दिसत नाही. त्याच वर्षाच्या १ एप्रिलपासून, रफी अहमद किडवाई हे दळणवळण मंत्री असताना, सामान्य पत्रे जादा हवाई हाशील न घेता विमानाने नेण्याची पद्धत सुरू झाली, आणि मुंबईत संध्याकाळी पेटीत टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यास पोहोचू लागले. आधी इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्स, मग हिमालयन एव्हिएशन, आणि १ ऑगस्ट १९५३ रोजी खासगी कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर इंडियन एअरलाइन्स, अशा क्रमाने ही सेवा सुमारे दोन तपे चालली.

त्या डाकविमानांत काही आसनेही असत, आणि दिवसाच्या विमानापेक्षा कमी भाड्यात रात्रीचा प्रवास करावयास तयार असलेल्यांना ती मिळत; म्हणजे प्रवासी हा तेथे दुय्यम आणि टपाल हे मुख्य, अशी आजच्या नेमकी उलट व्यवस्था होती. जी डकोटा विमाने हे काम करीत ती युद्धातून उरलेली होती. हवेचा दाब राखण्याची सोय नसल्यामुळे त्यांना ढगांवरून जाता येत नसे, आणि पावसाळ्याच्या रात्री सातपुड्यावर किंवा पूर्वघाटावर उभे राहिलेले मेघ चुकवीत, रेडिओच्या क्षीण संकेतावर भरवसा ठेवून, वैमानिकांना नागपूर गाठावे लागे. डिसेंबर १९५३ मध्ये नागपूरहून मद्रासकडे निघालेले असेच एक विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले. त्यानंतरही रात्री चारही दिशांनी विमाने नागपुरास येत राहिली. त्या वैमानिकांची नावे आज कोणाच्या स्मरणात नाहीत, आणि त्यांचे साधे स्मारकही नागपुरात नाही याचे मला मनापासून दुःख वाटते.

अमेरिकेत फ्रेड स्मिथ यांच्या फेडरल एक्सप्रेस कंपनीने मेम्फिस या मध्यवर्ती शहरी सर्व विमाने रात्री एकत्र आणून, पुडक्यांची अदलाबदल करून, पहाटेपूर्वी ती परत पाठविण्याची जी पद्धत १७ एप्रिल १९७३ रोजी सुरू केली, तिचे वर्णन व्यवस्थापनशास्त्राच्या ग्रंथांत अपूर्व कल्पना म्हणून केलेले आढळते. तिच्या आधी चोवीस वर्षे हीच कल्पना सोनेगावच्या माळावर सरकारी खर्चाने, गाजावाजा न करता, रोज रात्री अमलात येत होती. फरक एवढाच, की मेम्फिसची कल्पना वाढत जाऊन तिच्यातून शेकडो विमानांचा ताफा आणि हजारो वैमानिकांची सुखवस्तू पेढी उभी राहिली, आणि नागपूरची कल्पना जेट विमानांच्या आगमनानंतर गुंडाळली गेली. २००९ साली कॅप्टन गोपीनाथ यांनी डेक्कन ३६० या मालवाहू कंपनीद्वारे नागपूर हेच केंद्र धरून ती कल्पना पुन्हा उभी करण्याचा यत्न केला. दोन वर्षांच्या आत ती कंपनी बंद पडली. नागपूरच्याच मिहान या प्रकल्पाच्या मूळ नावातच मालवाहतुकीचे आंतरराष्ट्रीय केंद्र हे शब्द आहेत, पण त्या स्वप्नातील मालविमानांची रांग अद्याप धावपट्टीवर दिसत नाही.

हा इतिहास एवढ्या विस्ताराने सांगण्याचे कारण, आजच्या तरुण वैमानिकापुढील निवडीचे पहिले आणि सर्वांत कठोर वास्तव त्यातूनच उलगडते. भारतात मालवाहू विमानांचा धंदा लहान राहिला. १९९६ पासून चालत आलेली आणि या क्षेत्रात सर्वांत स्थिर ठरलेली ब्लू डार्ट एव्हिएशन ही कंपनी आठ विमाने बाळगते. क्विकजेट, प्रधान एअर यांसारख्या कंपन्यांकडे त्याहूनही थोडी. आणि इंडिगोने २०२२ पासून आपल्या ताफ्यात जी मालवाहू एअरबस विमाने घेतली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. उलट त्याच इंडिगोकडे प्रवासी विमाने चारशेंच्या वर आहेत. २०२३ च्या फेब्रुवारीत एअर इंडियाने ४७० आणि जूनमध्ये इंडिगोने ५०० नव्या विमानांची मागणी नोंदविली. जगातील एकूण हवाई मालापैकी जवळपास निम्मा माल तर प्रवासी विमानांच्या पोटातूनच जातो, आणि आपल्याकडेही तसेच आहे. जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून कोविडच्या लसीच्या पहिल्या पेट्या देशभर रवाना झाल्या, त्या नेहमीच्या प्रवासी कंपन्यांच्याच विमानांनी. तेव्हा मालवाहू कंपनीत जागा निघणे ही वर्षातून क्वचित घडणारी गोष्ट, आणि तीही बहुधा अनुभवी माणसासाठी.

आता तासांचा हिशेब पाहू, कारण वैमानिकाची खरी मालमत्ता त्याच्या उड्डाणनोंदवहीतील तास हीच असते. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते. विमानाचा कप्तान होण्यासाठी जो वरच्या दर्जाचा परवाना लागतो, त्याला १५०० तास हवेत. प्रवासी कंपनीतील सहवैमानिक दिवसाला दोन-तीन, कधी चार उड्डाणे करतो, आणि नियमानुसार वर्षाची कमाल मर्यादा १००० तासांची आहे. त्याला वर्षाकाठी ८०० तास मिळाले असे धरले, तर दोन वर्षांच्या आत त्याचे १५०० तास पुरे होतात. देशांतर्गत मालविमान रात्री एक किंवा दोन फेऱ्या करते आणि दिवसभर उभे राहते. तेथे वर्षाला ४०० तास मिळाले, तर तेवढ्याच मजलेला तीन वर्षांहून अधिक काळ लागतो. त्यातून आठ विमानांच्या कंपनीत कप्तानाच्या जागाही तितक्याच थोड्या. वरचा मनुष्य निवृत्त होईपर्यंत किंवा सोडून जाईपर्यंत खालच्याने थांबावयाचे. निवृत्तीचे वय पासष्ट.

आणखी एक सूक्ष्म बाब आहे, जी नवख्याच्या ध्यानी येत नाही. वैमानिकाला प्रत्येक जातीच्या विमानासाठी स्वतंत्र शिक्षण आणि स्वतंत्र नोंद लागते. मालवाहू विमाने पुष्कळदा प्रवासी सेवेतून निवृत्त झालेली, आसने काढून आणि बाजूला मोठे दार बसवून पुन्हा कामाला लावलेली असतात. माणसांचा संसार संपवून ती जणू वानप्रस्थात शिरतात. ब्लू डार्टचा मुख्य भार वर्षानुवर्षे बोइंग ७५७ या अशाच जातीने वाहिला. विमान उत्तम, शक्तिमान, आणि ज्यांनी ते चालविले त्यांच्या प्रेमाचा विषय. पण त्याचे उत्पादन २००४ मध्येच थांबले, आणि भारतातील कोणतीही प्रवासी कंपनी ते वापरीत नाही. म्हणजे त्या विमानावर निष्णात झालेल्या मनुष्याला नोकरी बदलावयाची तर नव्या जातीचे शिक्षण पुन्हा घ्यावे लागणार. उलट एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ यांची नोंद म्हणजे दहा दारे उघडणारी सनद. ब्लू डार्टने अलीकडे ७३७ घेतली आहेत, इतरांनीही ३२० च्या कुळातील विमाने निवडली आहेत, त्यामुळे ही अडचण हळूहळू कमी होईल.

कर्जाचा विषय येथे टाळता येत नाही. परवान्यापर्यंतचे शिक्षण आज पन्नास लाख रुपयांच्या पुढे जाते, आणि विमानाच्या जातीचे शिक्षण धरले तर आकडा आणखी चढतो. आमच्या बाजूच्या कुटुंबात, मग बाप भरवेलीच्या मँगनीज खाणीत नोकरीस असो, मलाजखंडच्या तांब्याच्या प्रकल्पात असो, की दहा एकर धानाचा मालक असो, एवढी रक्कम घरात नसते. शेत किंवा घर तारण ठेवून ती उभी करावी लागते. २०२३ साली देशात सोळाशेहून अधिक व्यावसायिक परवाने दिले गेले, आणि त्यांतील प्रत्येकाला लगेच नोकरी मिळाली असे नाही. ज्याच्या डोक्यावर हप्ता आहे, त्याने पहिली जी प्रामाणिक नेमणूक मिळेल ती घ्यावी, यात मानापमानाचा प्रश्नच उद्भवत नाही. मात्र सही करण्यापूर्वी करारनाम्यातील कलमे वाचावीत; २०१७ च्या सरकारी नियमाप्रमाणे सहवैमानिकाला सहा महिन्यांची आणि कप्तानाला एक वर्षाची सूचना दिल्याशिवाय नोकरी सोडता येत नाही, हे पुष्कळांना नोकरी सोडावयाच्या वेळीच कळते.

येथवर पारडे प्रवासी कंपनीकडे झुकलेले दिसेल. पण नोकरीच्या स्थैर्याचा विचार सुरू होताच ते डोलू लागते. किंगफिशर २०१२ मध्ये बंद पडली, जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. प्रत्येक वेळी शेकडो वैमानिक, कित्येकदा महिनोन् महिन्यांचा पगार थकलेल्या स्थितीत, रस्त्यावर आले. मार्च २०२० च्या अखेरीस सरकारने देशांतर्गत प्रवासी उड्डाणे दोन महिने पूर्णपणे थांबविली, तेव्हा प्रवासी कंपन्यांतील वैमानिकांच्या पगारांत मोठी कपात झाली, बिनपगारी रजा लादल्या गेल्या, आणि काहींच्या नोकऱ्या कायमच्या गेल्या. त्याच दिवसांत औषधे, मुखपट्ट्या आणि यंत्रांचे सुटे भाग घेऊन मालविमाने मात्र पूर्वीपेक्षा अधिक उडत होती. माणूस घरी बसला तरी त्याच्या गरजा प्रवास करीतच राहतात. या अनुभवानंतर कार्गोविषयी वैमानिकांच्या मनातील आदर जगभर वाढला. तरीही तोही आश्रय शाश्वत नाही. साथ ओसरली, मालाची मागणी उतरली, आणि २०२३ मध्ये खुद्द फेडरल एक्सप्रेसने, म्हणजे फेडेक्सने, आपल्या वैमानिकांपुढे एका प्रादेशिक प्रवासी कंपनीत जाण्याचा पर्याय ठेवला, तेव्हा ज्यांनी या कंपनीला निवृत्तीपर्यंतचे घर मानले होते त्यांना मोठा धक्का बसला.

या सर्व हिशेबांहून मोठा प्रश्न झोपेचा आहे, आणि माझ्या मते समाधानाचा निर्णय शेवटी तेथेच लागतो. दिवसभर दुकानांतून आणि कोठारांतून गोळा झालेला माल संध्याकाळी विमानतळावर येतो आणि सकाळी दुसऱ्या शहरात वाटला गेला पाहिजे; त्यामुळे मालविमानाचे जीवन रात्रीचे, आणि त्याच्या वैमानिकाचेही. मानवी शरीराची जागरूकता पहाटे दोन ते सहा या वेळात सर्वांत खाली जाते, आणि नेमक्या त्याच वेळी या माणसाला धावपट्टीकडे उतरावे लागते. काही प्रकृती अशा असतात, की त्यांना रात्रीची शांतता मानवते: वायुमार्ग मोकळे असतात, रेडिओवर गर्दी नसते, नियंत्रक सरळ मार्ग देतो, उन्हाळ्यातील दुपारचे हादरे नसतात, आणि सकाळी घरी येऊन खिडक्यांवर जाड पडदे ओढून हे लोक खरोखर गाढ झोपतात. इतरांना ते कधीच जमत नाही. त्यांची झोप दुपारी कुकरच्या शिट्टीने मोडते, मुलाच्या शाळेच्या बसने मोडते, आणि वर्षानुवर्षे साठत गेलेला थकवा स्वभावात, रक्तदाबात आणि संसारात उतरतो. आपण कोणत्या जातीचे आहोत हे विशीतल्या तरुणाला कळत नाही, चाळिशीत कळते.

झोपेच्या या प्रश्नाविषयी कायदाही सर्वांशी सारखा वागलेला नाही. अमेरिकेत २००९ च्या एका भीषण अपघातानंतर वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे, कडक नियम तयार झाले आणि जानेवारी २०१४ पासून अमलात आले. पण ते केवळ प्रवासी विमानांपुरते. मालवाहू कंपन्यांना, खर्चाचे कारण दाखवून, त्यांतून वगळण्यात आले. १४ ऑगस्ट २०१३ रोजी पहाटे यूपीएस कंपनीचे एक एअरबस मालविमान अलाबामातील बर्मिंगहॅमला उतरताना टेकडीवर आदळले आणि दोन्ही वैमानिक मृत्यू पावले. चौकशीत चुकीच्या पद्धतीने केलेल्या अवतरणाबरोबर थकवा हेही एक कारण ठरले. त्या विमानातील ध्वनिमुद्रणातून असे निष्पन्न झाले, की त्याच रात्री ते दोघे आपसांत मालवैमानिकांना मिळणाऱ्या अपुऱ्या विश्रांतीविषयी आणि नियमांतील या भेदाविषयी बोलत होते. ज्या विमानात प्रवासी नाहीत, त्यातील दोन माणसांचा जीव स्वस्त, असा अर्थ त्या सवलतीतून निघतो. आणि ज्या शहरावरून ते विमान जाते त्या शहरातील झोपलेल्या लोकांचा विचार तर तिने केलेलाच नाही. हा अन्याय आहे, आणि त्याला दुसरे सौम्य नाव देण्याची माझी इच्छा नाही.

आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्ये जे सुधारित नियम जाहीर केले, त्यांत आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली, रात्रीची व्याख्या पहाटे पाचऐवजी सहापर्यंत वाढविली, आणि रात्री करावयाच्या अवतरणांची मर्यादा सहावरून दोनवर आणली. वैमानिकांच्या संघटनांना त्यासाठी न्यायालयात झगडावे लागले. अंमलबजावणी २०२५ मध्ये दोन टप्प्यांत झाली. आणि दुसऱ्या टप्प्यानंतर डिसेंबरात इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द होऊन विमानतळांवर जो हाहाकार उडाला, त्यात सरकारने काही नियम तात्पुरते शिथिल केले. ताटकळलेल्या प्रवाशांचा राग समजण्याजोगा होता. पण ज्या नियमाने त्यांच्याच कप्तानाला झोप मिळवून दिली त्या नियमावरही पुष्कळांनी तो काढला, याचे वाईट वाटते. या प्रकरणातून एवढे स्पष्ट झाले, की रात्र ही एकट्या कार्गोची उरलेली नाही. पहाटे तीनला उठून साडेपाचचे विमान सोडणारा प्रवासी वैमानिकही अर्धा निशाचरच असतो. त्याची पाळी सकाळवरून रात्रीवर आणि रात्रीवरून सकाळवर सतत उलटत राहते, आणि पुष्कळ वैमानिकांच्या मते अखंड रात्रपाळीपेक्षा ही उलथापालथ अधिक त्रासाची.

मालाची जोखीमही निराळ्या प्रकारची आहे. प्रवासी हलला तरी विमानाचा तोल जात नाही. लोखंड हलले तर जातो. एप्रिल २०१३ मध्ये अफगाणिस्तानातील बगराम येथून लष्करी चिलखती गाड्या घेऊन उडालेल्या ७४७ विमानात एक गाडी बंध तुटून मागे सरकली आणि विमान काही क्षणांत जमिनीवर आले. सप्टेंबर २०१० मध्ये दुबईजवळ दुसऱ्या एका ७४७ मध्ये लिथियमच्या बॅटऱ्यांसह भरलेल्या मालाने पेट घेतला. मागे आग विझविण्यास कोणी नव्हते, समोर धुरामुळे उपकरणे दिसत नव्हती, आणि दोन्ही वैमानिक वाचले नाहीत. म्हणून मालवैमानिक आपल्या भाराचा कागद एखाद्या निबंधकाने दस्तऐवज तपासावा तसा तपासतो. त्या कागदावर कधी विलक्षण प्रवासीही येतात. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियाहून आठ चित्ते घेऊन जे ७४७ विमान ग्वाल्हेरला उतरले, आणि ज्यामुळे आमच्याच मध्यप्रदेशातील कुनोच्या अरण्यात तो प्राणी सत्तर वर्षांनंतर परत आला, ते उड्डाण ज्यांनी केले त्यांच्या समाधानाची कल्पना कोणीही करू शकेल.

समाधानाची जात दोन्हीकडे वेगळी आहे, हे मान्य केलेच पाहिजे. प्रवासी विमानाचा कप्तान दार बंद होण्यापूर्वी मागे वळून पाहतो, तेव्हा त्याला लहान मुले दिसतात, प्रथमच विमानात बसलेली एखादी म्हातारी दिसते, इस्पितळाकडे निघालेला रुग्ण दिसतो. वादळातून उतरल्यावर कोणी दारात थांबून हात जोडतो, आणि ते नमस्कार वर्षभराच्या कटकटीची भरपाई करतात. नोव्हेंबर १९८५ मध्ये सौदामिनी देशमुख आणि निवेदिता भसीन यांनी कलकत्त्याहून सिल्चरला केवळ स्त्रियांच्या हाती असलेले फोकर फ्रेंडशिप विमान नेले, त्या उड्डाणाचा अर्थ प्रवाशांनी भरलेल्या विमानातच पूर्ण होत होता. मराठी घरांतील कित्येक मुलींना त्यातून धीर मिळाला, आणि आज भारतातील वैमानिकांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे १५ टक्के, म्हणजे जगातील बहुतेक देशांहून कितीतरी वर आहे. उलट मालविमानात मागे कोणी नसते. उशिराबद्दल हुज्जत घालणारा नसतो, मद्य पिऊन गोंधळ करणारा नसतो, घोषणा करावयाची नसते. दोन माणसे, दोन इंजिने आणि अंधार. ज्यांना विमान चालविणे हीच एक गोष्ट प्रिय आहे, आणि त्याभोवतीचा समारंभ नको आहे, अशांना ते काम मनापासून आवडते. ते सहसा परत फिरत नाहीत.

बालाघाटच्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने मला सल्ला विचारला, तर मी प्रथम प्रवासी कंपनीत जाण्यास सांगेन. धानाचे पऱ्हे एका बांधीत टाकून, ते सशक्त झाल्यावर दुसरीकडे रोवतात, तसा हा व्यवसायही दोन ठिकाणी वाढतो. कोवळ्या वयात तास, विविध विमानतळ, निरनिराळे कप्तान आणि दर दिवशीची अनेक अवतरणे यांचे खत मिळावे लागते, आणि ते आपल्या देशात आज प्रवासी कंपन्यांकडेच विपुल आहे. पुढे पस्तिशी-चाळिशीत, कर्ज फिटलेले आणि कप्तानाची जागा हाती आलेली असताना, मालाकडे वळावे की नाही हे ज्याच्या-त्याच्या झोपेने, घराने आणि स्वभावाने ठरवावे. परदेशातील मोठ्या मालवाहू कंपन्यांची स्वप्ने पाहणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की फेडेक्स किंवा यूपीएस यांच्या दारी अमेरिकेत काम करण्याचा कायदेशीर हक्क आधी लागतो. आखाती देशांतील काही कंपन्यांत मात्र एकच वैमानिक आज प्रवासी आणि उद्या माल नेतो, आणि निवडीचा प्रश्नच तेथे अर्धा सुटतो.

आणि मुलाखतीला जाताना पगाराचा आकडा विचारण्याआधी काही दुसरे प्रश्न विचारावेत, मग कंपनी मालाची असो वा माणसांची. नेमणुकीचे शहर कोणते, आणि ते बदलण्याचा अधिकार कोणाचा? महिन्यात रात्री किती, आणि त्या सलग की विखुरलेल्या? ताफ्यात येत्या तीन वर्षांत किती विमाने येणार, आणि माझ्या आधी कप्तानपदाच्या रांगेत किती जण उभे आहेत? शिक्षणाच्या खर्चापोटी लिहून घेतलेल्या कबुलायतीची मुदत किती? आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये, पहाटे दोन ते चार, वैमानिकाने पाठ टेकावी यासाठी त्या विमानतळावर अंधारी, शांत खोली आहे काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर जी कंपनी ताबडतोब आणि तपशिलाने देईल, तिच्या करारनाम्यातील बाकीची कलमेही बहुधा वाचण्यासारखी असतील.